जप्तीचा चिवडा

पेपर तपासताना मला चिवडा लागतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. सहामाहीचे, वार्षिकचे गठ्ठे घरी आणायचे, जेवणाच्या टेबलावर मांडायचे, डाव्या हाताशी चिवड्याची वाटी आणि उजव्या हातात लाल पेन. एक पेपर झाला की एक मूठ. पुढेपुढे एक प्रश्न झाला की एक मूठ. वाटी भरलेली असायची तोवर माझा हात गुण द्यायला सैल असायचा. पानाची आकृती बटाट्यासारखी दिसली तरी मी अर्धा गुण सोडायची. वाटीच्या तळाशी मीठ आणि मोहरी उरली की मग माझ्यातली कडक शिक्षिका जागी व्हायची. माझ्या हातून नापास झालेल्यांपैकी काही पोरांचा दोष एवढाच असावा, की त्यांचे पेपर गठ्ठ्याच्या तळाशी होते.

पेपर वर्षातून दोनदा येतात. हात मात्र रोजच मोकळा असतो. हळूहळू पेपर नसतानाही वाटी लागू लागली. टीव्हीसमोर, फोनवर बहिणीशी बोलताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. डब्याचं झाकण एका हातात धरून उभ्याउभ्या खाल्लेलं मी खाण्यात धरतच नसे. 'किती उरलाय ते बघत होते' असं माझं म्हणणं असायचं, आणि बघायचं तर हात घालावाच लागतो. पर्समध्ये फुटाण्यांची पुडी असायची. फुटाणे तब्येतीला चांगले, म्हणून पुडी मोठी असायची. सोलापुरात शेंगांपासून लांब राहायचं म्हटलं तरी राहता येत नाही. चटणीत शेंगा, पोळीत शेंगा, भाजीत शेंगांचा कूट. शिवाय माझं माहेर माढ्याकडचं. लहानपणी पोत्यात हात घालून वाढलेलं माणूस मी.

आणि एक गोष्ट कबूल करते. दहाएक वर्षांत मला भूक लागल्याचं आठवत नाही. लागायला मी तिला वेळच दिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला गॅसपाशी चक्कर आली. ऊन सोलापूरचं होतं, त्यामुळे मी सगळं खापर उन्हावर फोडलं. पण यांनी ऐकलं नाही. यांचं कापडाचं लहानसं दुकान आहे. ते बंद करून मला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे. अजून गोळी सुरू करत नाही. मधल्या वेळेत काही खाता का?"

"नाही," मी म्हणाले.

हे शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी आधी पंख्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"डॉक्टर, मधल्या वेळेत काय खाते ते विचारू नका," हे म्हणाले. "मधली वेळ असते का, ते विचारा."

घरी आल्या आल्या बंदोबस्त झाला. चिवडा, शेव, शंकरपाळी, शेंगदाण्याचे लाडू, सगळे डबे सासूबाईंच्या लोखंडी कपाटात गेले आणि किल्ली त्यांच्या कमरेला. सासरी कानडी बोलतात, म्हणून सासूबाईंना मी अत्ती म्हणते. अत्ती दिवसातून दोनदा जेवतात. भाकरी, भाजी, वर ताक. त्यापलीकडे त्यांना काही चघळताना मी लग्न झाल्यापासून कधी पाहिलेलं नाही. असल्या बाईच्या कमरेला किल्ली म्हणजे ती तिजोरीतच गेली म्हणायची.

पण ज्याला खायचंच आहे त्याला घरभर खाऊ असतो. मी कच्चे पोहे खाल्ले. सुक्या खोबऱ्याची वाटी दातांनी कुरतडली. डाळ्या खाल्ल्या, चिंच खाल्ली. खाणं कमी व्हावं म्हणून सोमवार धरले, तर सोमवारी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू आणि उपवासाच्या वेफर्सनी दिवस इतका भरून जायचा की मंगळवारी पचनासाठी उपवास करावासा वाटे. महिन्याभरात वजन दीड किलो वाढलं. देवाचं करायला गेले आणि असं झालं, म्हणून मी देवावरही थोडी रुसले.

एकदा दुपारी जेवणं उरकून तासही झाला नव्हता. मी स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभी होते. मागे अत्ती.

"हसिवी आग्यादेन?" त्यांनी विचारलं. भूक लागलीय का?

त्या प्रश्नात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. हो म्हटलं असतं तर जेवण वाढायला बसल्या असत्या.

"इल्ल," मी म्हणाले. नाही.

"मत्त्याक?" मग कशाला?

माझा हात डब्यातच होता. मी विज्ञानाची शिक्षिका. भूक का लागते, जठरात काय होतं, मेंदूला निरोप कसा जातो, हे फळ्यावर आकृती काढून सांगते. पण 'मग कशाला' याचं उत्तर कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात नव्हतं. अत्ती पाणी पिऊन निघून गेल्या. मी पोहे खाल्ले, पण त्यांची चव गेली होती. चव गेली तरी मूठ पुरी केली, हेही सांगितलं पाहिजे.

जून महिन्यात शाळा सुरू झाली. आमची शाळा शहराच्या पूर्व भागात आहे. आजूबाजूला यंत्रमाग, निम्म्या घरांत तेलुगू बोलणं, बायका उंबऱ्यात बसून विड्या वळतात. पहिल्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं, की पाकीटबंद खाऊ शाळेत बंद करावा आणि त्या कामी प्रत्येक शाळेनं एक शिक्षक नेमावा. मुख्याध्यापक परिपत्रक घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले आणि सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, हे काम तुमचंच. आहाराचा धडा तुमच्याइतक्या पोटतिडकीनं कुणी शिकवत नाही."

माझ्या तोंडात फुटाणे होते. त्यामुळे नकार देता आला नाही. मी नुसती मान हलवली, आणि ती होकारार्थी धरली गेली.

काम हातात घेतल्यावर मी ते नीट केलं. तक्ते लावले. प्रार्थनेनंतर पोरांकडून शपथ घेतली: 'मी पाकिटातला खाऊ खाणार नाही आणि इतरांना खाऊ देणार नाही.' शपथ सांगताना माझा उजवा हात पुढे असायचा आणि त्याला आदल्या संध्याकाळी वाटेत घेतलेल्या लसूण शेवेचा वास यायचा. मधल्या सुट्टीत मी वर्गावर्गातून फिरून डबे तपासू लागले. पिवळ्या नळ्या, मसाला काड्या, बटाट्याचे काप, सगळं जप्त. जप्त माल प्रयोगशाळेतल्या सांगाड्याशेजारच्या कपाटात ठेवायचा आणि पालकांनी शनिवारी येऊन घेऊन जायचा, असा नियम होता. पालक कुठले यायला? एका पाकिटासाठी माग बंद ठेवून कोण येईल? कपाट भरत चाललं.

दुसऱ्या आठवड्यात मी चंचुपात्रं ठेवायला कपाट उघडलं, तर मसाला काड्यांचं एक पाकीट कोपऱ्यात फाटलेलं. फाटलेलं पाकीट तसंच ठेवलं तर मुंग्या येणार. मुंग्या आल्या तर प्रयोगशाळेची नासाडी. जबाबदारी माझी. मी ते पाकीट संपवलं.

दुसऱ्या दिवशी एकही पाकीट फाटलेलं नव्हतं. एक मी फाडलं.

त्यानंतर माझा चौथा तास, जो मोकळा असायचा, प्रयोगशाळेत जाऊ लागला. दार लोटायचं, सांगाड्याकडे पाठ करायची आणि खायचं. खाताना मी पाकिटाच्या मागचं वाचत असे. तेल किती, मीठ किती. याला मी मनात 'नमुना तपासणी' म्हणायची. तपासणीचा माझा उत्साह वाढला. सहावीच्या वर्गात मी डबे वरवर बघायची, कारण ती पोरं फक्त गोड बिस्किटं आणतात. आठवी ब मात्र मी कधी चुकवली नाही. त्या वर्गातल्या पोरांच्या शाळेच्या वाटेवर एक चांगलं दुकान होतं.

मुख्याध्यापक शाळेच्या ग्रुपवर माझे फोटो टाकायचे. हातात जप्त पाकिटं आणि चेहऱ्यावर करारीपणा. घरी तर माझं कौतुकच कौतुक, कारण संध्याकाळी मी खोबऱ्याकडेही बघत नसे. पोट भरलेलं असायचं. "मनावर घेतलं की माणूस काय करू शकतो," असं हे दुकानात गिऱ्हाइकांना माझं उदाहरण देऊन सांगत. अत्तींनी कौतुक ऐकून घेतलं. किल्ली मात्र त्यांनी कमरेची काढली नाही.

मग माझी पंचाईत झाली. अभियान यशस्वी होऊ लागलं.

पोरांनी पाकिटं आणणं सोडलं. काहींनी भीतीनं, काहींनी शपथेखातर. डब्यांत चपाती-भाजी दिसू लागली, भाकरी आणि शेंगाचटणी दिसू लागली. कपाटात तीन पाकिटं उरली, मग एक, मग सांगाडा आणि मी. मी चौथ्या तासाला रिकाम्या कपाटासमोर बसून राहायची. कुठलीही सत्ता अशा वेळी जे करते तेच मी केलं. नियम वाढवले. प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं, की तळलेला पदार्थ घरचा असला तरी चालणार नाही.

दोन दिवसांनी आठवी ब मध्ये गेले. दुसऱ्या बाकावर एक गप्प स्वभावाची मुलगी बसायची. आई विड्या वळते, वडील मागावर. अक्षर सुंदर आणि बोलणं कमी. तिनं डबा उघडला आणि त्या वासानं मी जागच्या जागी थांबले. पातळ पोह्यांचा चिवडा होता. कढीपत्ता कुरकुरीत, खोबऱ्याचे काप कडेला तांबूस झालेले, लसूण सालीसकट ठेचून टाकलेली.

"हे काय?"

"चिवडा, बाई. आईनं केलाय."

"तळलेला आहे."

"पोहे भाजल्यात बाई. शेंगदाणेच तेवढे तळल्यात."

"म्हणजे तळलेलं आहेच की," मी म्हणाले आणि डबा उचलला.

तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं नाही, असं मला इथं लिहिता आलं असतं. पण आलं होतं. शेजारच्या मुलीनं तिच्यासमोर अर्धी भाकरी सरकवली, तेही मी दारातून पाहिलं. मग जिना उतरून प्रयोगशाळेत गेले, मधली सुट्टी संपायच्या आत डबा संपवला, आणि बोटं चाटत असताना मनात विचार आला तो असा: हिच्या आईला कृती विचारली पाहिजे.

शाळा सुटल्यावर मी वह्या आवरत होते, तर ती मुलगी प्रयोगशाळेच्या दारात.

"बाई, डबा पायजे. आई वरडंल."

मी धुऊन ठेवलेला डबा तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे.

"रिकामा हाय."

"हो. मुंग्या लागल्या होत्या, म्हणून टाकून दिला."

"चिवड्याला कशाला मुंग्या लागत्यात, बाई? तिखट हुता की."

मी वह्यांचा गठ्ठा उचलला. ती पण जाईना. खाली मान घालून डब्याच्या कडीशी खेळत राहिली, आणि मग तक्रारीच्या सुरात नव्हे, अगदी माहिती दिल्यासारखं म्हणाली, "वर्गात सगळ्यांना म्हाईत हाय, बाई."

"काय माहीत आहे?"

"तुमी कपाटातलं खाताव ते."

तिनं दप्तरातून विज्ञानाची वही काढली आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. समासात माझ्याच हातचा 'छान' असा शेरा होता, आणि त्याच्याखाली केशरी रंगाचा अंगठा. पान उलटलं. तिथंही अंगठा. पुढच्या आठवड्यात दोन बोटं.

"मसाला काड्यांचं हाय," ती म्हणाली. "सगळ्यांच्या वहीवर हाय. तुमीच शिकवलाव की. आदी निरीक्षण करायचं, मग अनुमान."

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही. सांगाड्याचा तरी बरा असेल.

"मग कुणी काही बोललं का नाही?"

तिनं जरा विचार केला. "कुणाला सांगायचं, बाई? अभियान तुमीच हाव की."

एवढं बोलून ती डबा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन डबे घेऊन आली. एक तिचा, भाकरी आणि पिठल्याचा. दुसरा माझ्या टेबलावर ठेवला.

"आईनं दिलाय. बाईंना आवडला असंल, म्हनली. आनि मला रोज भाकरीच देनार हाय आता. तळलेलं न्हाय."

टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी चिडले असते, दोन शब्द सुनावले असते, आणि सुटले असते. पण तिच्या आईनं तो सरळ मनानंच दिला होता. दिवसभर विड्या वळून झाल्यावर बसून पोहे भाजले, आणि का, तर बाईंना आवडला म्हणून.

त्या दिवशी चौथ्या तासाला मी प्रयोगशाळेत गेले नाही. डबा पर्समध्ये ठेवून घरी निघाले. वाटेत न उघडण्याचा माझा निश्चय होता. रिक्षाची वाट बघताना एक मूठ खाल्ली. निश्चय चांगला होता, रिक्षा उशिरा आली.

घरी गेल्यावर अत्तींच्या पुढ्यात डबा ठेवला आणि सगळं सांगितलं. पाकिटं, कपाट, केशरी अंगठे, मुंग्या. मराठीत सुरुवात केली आणि मध्येच कधी कानडीत गेले ते कळलं नाही. लाजेच्या गोष्टी सासरच्या भाषेत थोड्या लांबच्या वाटतात. हे दुकानात होते, ते बरं झालं. अत्तींनी शांतपणे ऐकलं. मग उठून ताटली आणली, तिच्यात मूठभर चिवडा घेतला, खाली मांडी घालून बसल्या आणि खाल्ला. जेवणाच्या वेळा सोडून त्यांनी काही खाल्लेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"छलो आग्याद," त्या म्हणाल्या. चांगला झालाय.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. खूप खाते, लाज नाही, असं काहीतरी. त्याची माझी तयारी होती. पण त्यांनी हात पुसला आणि विचारलं, "आ हुडुगी एन तिंदळ?" ती पोरगी मग काय जेवली?

मी अर्धी भाकरी सांगितली. त्या मान हलवून पुन्हा डब्याकडे बघत बसल्या. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. खरंच गेलं नाही, आणि त्यासाठी मी उपवासाचं काही मागितलंही नाही.

पुढच्या दिवशी आठवी ब च्या वर्गात जाऊन मी दार लावून घेतलं. पस्तीस पोरं. मी खुर्चीत न बसता उभी राहिले आणि म्हणाले, "तुमची जप्त केलेली पाकिटं मी खाल्ली. हिचा चिवडाही मीच खाल्ला. मुंग्या लागल्या म्हणाले, ते खोटं होतं. माझं चुकलं."

मला वाटलं होतं, वर्ग गप्प होईल. वर्ग अजिबात गप्प झाला नाही. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "पिवळ्या नळ्या पन खाल्लाव का बाई?" म्हटलं, हो. "त्या माज्या हुत्या!" असं तो जवळजवळ अभिमानानं म्हणाला. मग एकेकानं आपापला माल ओळखला आणि मी एकेकाची माफी मागितली. मोठं काम झालं ते. शेवटी मी विचारलं, आता काय करायचं? घरच्या तळलेल्यावरची बंदी तिथल्या तिथं उठली. माझ्यासाठीही एक नियम ठरला. तो त्यांनीच सुचवला आणि मला नाही म्हणायला जागा नव्हती: रोज सकाळी बाईंची पर्स तपासायची. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला एकमतानं तपासनीस नेमलं. पहिल्याच दिवशी तिनं फुटाण्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली. "हे तर पौष्टिक आहे," मी म्हणाले. "पाकिटात हाय," ती म्हणाली.

आठवड्याभरानं शिक्षण विभागाचे एक अधिकारी अभियान बघायला आले. मुख्याध्यापकांनी रांगोळी घालून घेतली होती. तक्ते बघून झाले, शपथ ऐकून झाली, आणि साहेब म्हणाले, "जप्त केलेलं साहित्य दाखवा." आम्ही प्रयोगशाळेत गेलो. मी कपाट उघडलं. आत काहीही नव्हतं.

"कुठं आहे माल?"

मुख्याध्यापक माझ्याकडे बघू लागले. आठवी ब ची चार पोरं स्वागताला म्हणून बरोबर होती. तीही बघू लागली. त्यांच्यासमोर आता खोटं बोलणं शक्य नव्हतं.

"साहेब, मी खाल्ला," मी म्हणाले.

साहेब आधी नुसते बघत राहिले आणि मग खदखदून हसले. ते हसले म्हणून मुख्याध्यापकही हसले, जरा जास्तच जोरात. "विज्ञानाच्या बाई विनोदी असतात, हे पहिल्यांदाच बघतोय," साहेब म्हणाले.

"विनोद नाही साहेब. सगळा मीच खाल्ला."

"असं गंभीर तोंड करून सांगतात, त्यातच मजा आहे बघा." साहेबांना हसू आवरेना. मग चष्मा पुसून त्यांनी शेरा लिहिला, की विद्यार्थ्यांमध्ये इतका बदल घडून आला आहे, की जप्तीची गरजच उरलेली नाही. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी त्यांच्याकडे. खरं बोलूनही खोटं ठरण्याचा तो माझा पहिलाच अनुभव. चहाबरोबर साहेबांना भजी आली. घरची नव्हती, तळलेली होती, आणि त्यांनी दोनदा मागून घेतली.

महिन्याभरात शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं. आदर्श उपक्रम म्हणून माझं नाव वर गेलं आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शिक्षकांना मार्गदर्शन करण्यासाठी मला माढ्याला बोलावलं. माहेरच्या बाजूला सत्कार म्हणून घरात आनंद. मी यांना सांगून बघितलं, की ज्याबद्दल हा सत्कार आहे ते मी खाल्लंय. यांना तोवर सगळं कळलं होतं. "जा," हे म्हणाले, "न गेलीस तर खुलासा मागतील. खुलाशापेक्षा भाषण सोपं."

मी गेले. सभागृहात शंभरेक शिक्षक आणि प्रत्येकाच्या हातात कागदी बशी. बशीत चिवडा, वेफर्स आणि बर्फीचा तुकडा. समोर फलक, 'सकस आहार, सुदृढ पिढी'. मी पुन्हा सगळं खरं सांगितलं, फाटलेल्या पाकिटापासून. लोक हसून हसून बेजार झाले. अध्यक्ष म्हणाले, असं मनोरंजक मार्गदर्शन आजवर झालं नव्हतं. मला शाल आणि श्रीफळ दिलं. श्रीफळ हातात घेताना मी मनात त्याचे काप करत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर सावलीत एसटीची वाट बघत उभी होते. माळशिरसकडच्या एका शाळेतल्या बाई माझ्याजवळ आल्या. माझ्याच वयाच्या, खांद्याला मोठी पर्स. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही खरंच खाल्लं होतं ना?"

"हो."

"मला वाटलंच. मी हसले नाही बघा." त्यांनी पर्स घट्ट धरली. "मी शालेय पोषण आहाराचं बघते. वाटाणे, डाळ... जाऊ द्या. तुमचं थांबलं कसं?"

शंभर माणसांत तेवढ्या एकट्या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. तिला खोटं सांगणं बरं नव्हतं.

"थांबलं नाही," मी म्हणाले. "कमी झालंय. ताटलीत घेतल्याशिवाय आणि खाली बसल्याशिवाय खात नाही. गुडघे दुखतात, त्यामुळे निम्म्या वेळा कंटाळा येतो. उरलेल्या निम्म्या वेळा बसते."

त्या हसल्या. एकमेकींचे नंबर घेतले. त्या दिवसापासून आम्ही रोज संध्याकाळी एकमेकींना कळवतो, जेवणं सोडून किती वेळा तोंड हललं ते. उपदेश करायचा नाही, नुसता आकडा. घरच्यांना वाटतं, शाळेचं काहीतरी काम चालतं. मध्ये एकदा सलग नऊ दिवस माझा आकडा शून्य होता, आणि दहाव्या दिवशी नणंदेकडे बारसं होतं.

गेल्या रविवारी त्यांचा निरोप आला, 'आज दोनदा.'

मी लिहिलं, 'माझं तीनदा.'

थोड्या वेळानं त्यांचं उत्तर आलं, 'बाई, मी खरं सांगू का? चारदा.'

मी फोन हातात घेऊन बसले. बोटाला मीठ लागलेलं होतं, ते पदराला पुसलं आणि लिहिलं, 'माझं सहादा.'